फायबर-प्लास्टिकच्या पार्टवरचा जुना रंग कसा काढायचा? (आणि त्या कामाचा दर कसा सांगायचा?)



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्कूटरच्या साइड पॅनेलवरचा जुना रंग काढून दाखवला. व्हिडिओत कृती दिसते, पण प्रत्येक कृतीमागचं कारण सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी एका नुकसानीची गोष्ट

आपल्या एका बॅचमधला मुलगा. तालुक्याच्या गावी घराशेजारी पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन. लोखंडी मडगार्ड, टाक्या, गेट, ग्रिल रंगवायचा. हात चांगला. एक दिवस एक गृहस्थ जुनी स्कूटर घेऊन आले. गाडी त्यांच्या वारलेल्या भावाची. मॉडेल कधीच बंद झालेलं. "वरचे सगळे रंग काढ आणि मूळ रंगात करून दे," एवढीच मागणी.

मुलाने चार पॅनेलचा रंग काढायचे सहाशे रुपये सांगितले. सहाशेत दोन दिवस घासत बसणं परवडत नाही. मग त्याने लोखंडाला वापरतो तोच पेंट रिमूव्हर ब्रशने लावला. पाच मिनिटांत रंगाला सुरकुत्या आल्या, पोरगा खूश! पण पत्तीने खरवडायला घेतलं तर रंगासोबत खालचं प्लास्टिकही लोण्यासारखं निघायला लागलं. घाईघाईने धुतलं, तोवर पॅनेलची कड वाकली होती आणि स्क्रू बसतो तो कान मऊ पडला होता.

रात्री त्याचा फोन आला. "सर, हे भरून काढता येईल का?" मी म्हटलं, "पॅनेलचं नंतर बघू. उद्या सकाळी गिऱ्हाइकाच्या घरी जा आणि झालं ते स्वतःच्या तोंडाने सांग." पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आता प्रश्न असा, की चूक कुठे झाली? बॅचमधले सगळे म्हणाले, रिमूव्हर लावला तिथे. माझं मत वेगळं आहे. चूक सहाशे रुपये सांगितले तिथेच झाली. दर कमी सांगितला की वेळ कमी मिळतो, आणि वेळ कमी असला की हात झटपट काम करणाऱ्या डब्याकडेच जातो. या लेखातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे.

पायरी १: "फायबर" म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये लोखंड नसलेल्या प्रत्येक पार्टला "फायबर" म्हणतात. गिऱ्हाईकही तसंच म्हणतं. पण तुमच्या टेबलावर साधारण तीन वेगवेगळ्या वस्तू येतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा असतो.

पहिलं, खरं फायबर. म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन मिळून केलेला पार्ट. बसचं पुढचं तोंड, टेम्पो-ट्रकवर नंतर बसवलेले व्हायझर, जुन्या गाड्यांचे हाताने बनवलेले पार्ट यात येतात. याच्या मागच्या बाजूला धाग्यांची जाळी किंवा विस्कटलेले धागे स्पष्ट दिसतात. पुढच्या बाजूला रंगाखाली जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. तोच आतल्या धाग्यांचं पाण्यापासून रक्षण करतो.

दुसरं, एबीएस. दुचाकीचे बरेच चकचकीत पॅनेल याचे असतात. दोन्ही बाजू गुळगुळीत, बोटाने वाजवलं तर कडक टणटण आवाज, जास्त वाकवलं तर पांढरी रेघ येते आणि तुटतं.

तिसरं, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. चारचाकीचे बंपर बहुतेक याच कुटुंबातले, सोबत रबरासारखा घटक मिसळलेला. वाकतं, परत जागेवर येतं, हाताला किंचित मेणचट लागतं. याच्यावर कुठलीच गोष्ट सहज चिकटत नाही, रंगसुद्धा नाही.

ओळखायचं कसं? सगळ्यात आधी पार्ट उलटा करा. कारखान्यात बनलेल्या बहुतेक पार्टवर मागे इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात: एबीएस, पीपी, पीसी वगैरे. पीपीपुढे टी आणि वीस असं लिहिलं असेल तर त्यात वीस टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड आहे. अक्षरांवर चिखल बसलेला असतो, म्हणून आधी धुवा आणि मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

अक्षरं सापडली नाहीत तर मागच्या बाजूच्या, न दिसणाऱ्या जागेवरून कटरने नखाएवढी कपची काढा. तिच्यावर रंग नको. साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात ती पूर्ण बुडवून सोडा. साधं पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. एबीएस बुडतं. पण सावध: टाल्क भरलेलं पीपीही बुडू शकतं. म्हणजे तरंगलं तर पीपी हे जवळपास नक्की, पण बुडालं म्हणून लगेच एबीएस म्हणू नका.

तिसरी परीक्षा: मागच्या बाजूलाच, कानाच्या आत, कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक ठिपका लावा. एबीएस काही सेकंदांत चिकट होतं. पीपीला काही होत नाही. खऱ्या फायबरला एवढ्या वेळात काही होत नाही. ही परीक्षा दर्शनी बाजूला कधीच करायची नाही. आणि तुकडा जाळून वास घेऊन ओळखणारे उस्ताद भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तो धूर विषारी असतो.

पायरी २: सगळा रंग काढायलाच हवा का?

नव्या उद्योजकाला वाटतं, जास्त काढलं म्हणजे जास्त चांगलं काम. तसं नाही. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो नव्या रंगासाठी उत्तम पाया असतो. विशेषतः पीपीवर कारखान्यात लागलेला आणि अजून टिकलेला थर काढून टाकणं म्हणजे चालू दुकान पाडून नवीन बांधणं.

मग ठरवायचं कसं? कटरने रंगावर हलक्या हाताने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारा. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन होतील. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर रंग पक्का. पट्टीसोबत निघून आले तर तो थर जायलाच हवा.

दुसरी तपासणी थिनरची. न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरचं ओलसर कापड थोडंसं घासा. रंग कापडावर उतरला तर तो हार्डनर नसलेला रंग आहे. त्याच्यावर आजचा हार्डनरवाला रंग मारला तर खालचा थर फुगून सुरकुतण्याची भीती. तो काढा. कापड स्वच्छ राहिलं तर खालचा रंग पक्का सुकलेला आहे.

थोडक्यात, पूर्ण रंग काढायचा तो या चार वेळा: रंग सोलवटत असेल, त्याला तडे गेले असतील, थिनरने विरघळत असेल, किंवा एकावर एक इतके थर चढले असतील की कडा आणि खाचा बुजून गेल्या आहेत. बाकी वेळी खराब जागा उतरवायची आणि उरलेल्या रंगाची चमक मारायची. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा. त्याचे पैसे वाचतात आणि तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

पायरी ३: काय वापरायचं नाही?

लोखंडाचा पेंट रिमूव्हर: जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. ते एबीएस विरघळवतं आणि खऱ्या फायबरच्या जेलकोटला फुगवतं. हे झालं पार्टचं. माणसाचं त्याहून वाईट. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे बंद खोलीत ती खाली साचून राहते. शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर ज्या वायूने माणूस दगावतो तोच. परदेशात बंद बाथरूममध्ये टब खरवडताना कामगार मेले आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असा रिमूव्हर विकायला बंदी आली आणि २०२४ मध्ये ती बंदी बहुतेक औद्योगिक वापरांपर्यंत वाढवली. कापडी मास्क, एन-९५ मास्क यांना ही वाफ अडत नाही. वाफेसाठीच्या साध्या कार्ट्रिजमधूनही ती लवकर पार होते. डबा विकत घेण्याआधी घटक वाचा.

थिनरमध्ये भिजवणं: एबीएसच्या पृष्ठभागावर केसासारखे बारीक तडे पडतात. आज दिसत नाहीत, नवा रंग मारल्यावर उमटतात.

ब्रेक ऑइल: "रात्रभर बुडवून ठेवा, रंग आपोआप सुटतो" असं सांगणारे पुष्कळ आहेत. रंग सुटतोही. पण जिथे प्लास्टिकवर ताण असतो, म्हणजे स्क्रूची भोकं, कान, क्लिपा, तिथे एबीएसला तडे जाऊ शकतात. आणि भेगांत राहिलेलं ऑइल नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पाडतं.

कॉस्टिक सोडा: पीपीला फारसं काही करत नाही, पण फायबरमधलं पॉलिस्टर रेझिन खातो. आणि तुमची कातडी, डोळे? ते तर आधी.

हीट गन: एबीएस साधारण शंभर अंशांच्या थोडं वर मऊ पडतं. हीट गनच्या तोंडाशी पाचशे अंशांपर्यंत हवा असते. हिशोब तुम्हीच करा. जुने स्टिकर काढायला केस वाळवायचा ड्रायर पुरतो.

ग्राइंडर, तारेचा ब्रश, वाळूचा मारा: वेग आणि उष्णता दोन्ही जास्त. प्लास्टिक वितळून रंगाला चिकटतं आणि फायबरचा जेलकोट क्षणात पार होतो.

"प्लास्टिकसाठी सुरक्षित" लिहिलेले रिमूव्हरही बाजारात आहेत. त्यातले काही खरंच सौम्य असतात. पण "प्लास्टिक" हा शब्द ढोबळ आहे. कुठलंही असं औषध आधी पार्टच्या मागच्या बाजूला लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ ठेवा, धुवा, आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा. नख रुतलं किंवा चकाकी बदलली तर तो डबा या पार्टसाठी नाही.

पायरी ४: मग काढायचा कसा? ओलं घासकाम

छोट्या शेडसाठी सगळ्यात भरवशाची पद्धत एकच: पाणी, वॉटर पेपर आणि धीर.

१. फोटो काढा. प्रत्येक पार्टचे चारही बाजूंनी. जुने तडे, तुटलेले कान, वाकलेल्या कडा गिऱ्हाइकासमोर टिपून घ्या.

२. आधी धुवा, मग घासा. साबणाच्या पाण्याने चिखल, तेल, पॉलिश काढा. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगवाल्याकडे मिळणारं मेण-सिलिकॉन काढायचं द्रावण कापडावर घेऊन पुसा. हे आधी केलं नाही तर घासताना तेच तेल ओरखड्यांत आत जाऊन बसतं.

३. खाली आधार द्या. पॅनेल मांडीवर किंवा हवेत धरून घासू नका. जुनी गोधडी किंवा फोम खाली घाला. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, हाताच्या दाबाने कान मोडतो.

४. सुटलेला रंग आधी काढा. जो रंग आपणहून निघतोय त्याला कशाला घासायचं? प्लास्टिकच्या पट्टीने उचला, मग रुंद चिकटपट्टी लावून ओढा. पीपीच्या बंपरवर अशी पट्टीनेच अर्धी पृष्ठभाग मोकळी होते.

५. पेपरचा क्रम. जाड थरांसाठी २४० नंबर, मग ३२०, शेवटी ४०० ते ६००. एबीएसवर शक्यतो ३२० पासून सुरुवात करा. पीपीवर खरखरीत पेपर लावलात तर प्लास्टिकची लव उभी राहते, मोजा फुसफुसतो तशी. ती नंतर रंगातून दिसते. सपाट जागी पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, गोलाईवर मऊ स्पंज वापरा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणा पडतात.

६. मशीन वापरायचं असेल तर मऊ पॅड, कमी वेग, सतत हलता हात. पेपरवर रंगाच्या गोळ्या जमायला लागल्या म्हणजे उष्णता वाढतेय. थांबा. आणि विजेचं मशीन चालवताना पाणी नाही, तेव्हा धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि मास्क हवाच.

७. कुठे थांबायचं हे ओळखा. हेच खरं कौशल्य. रंगाचा थर, प्रायमरचा थर, मग जेलकोट किंवा प्लास्टिक असे रंग बदलताना दिसतात, डोंगराच्या नकाशासारखी वळणं उमटतात. खऱ्या फायबरवर जेलकोट दिसला की थांबा. धागे दिसायला लागले तर तुम्ही अर्धा मिलिमीटर जास्त गेलात. प्रायमरचा शेवटचा पातळ, घट्ट थर राहिला तरी चालतो. तो ओरबाडून काढण्यात शौर्य नाही.

८. नीट वाळवा. विशेषतः धागे उघडे पडलेलं फायबर पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात तर एका रात्रीवर भरवसा ठेवू नका. ओल आत राहिली तर नव्या रंगाला फोड येतात. वाळवायला उन्हाचा तवा झालेला पत्रा नको, सावलीत वारा लागू द्या.

९. पुढचा थर पार्टप्रमाणे निवडा. पीपीला आधी चिकटपणा वाढवणारं खास प्रायमर, एक पातळ हात. एबीएसला प्लास्टिक प्रायमर. फायबरला बारीक भोकं पॉलिस्टर पुट्टीने भरून मग हार्डनरवाला प्रायमर. प्रायमरच्या डब्यावर दोन हातांमधला वेळ लिहिलेला असतो, तो पाळा.

पायरी ५: तुम्ही सुद्धा एक "पार्ट"च आहात, आणि तो बाजारात मिळत नाही

आपल्यातले बरेच जण घराशेजारी काम करतात. अंगणात मुलं खेळतात, दोरीवर कपडे वाळतात. म्हणून हे नीट वाचा.

जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची रंगद्रव्यं वापरली जायची. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरवली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. गाडीवरच्या जुन्या रंगात काय आहे हे बघून कळत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. म्हणून कोरडं घासकाम टाळा. ओलं घासलं की धूळ उडत नाही, गाळ होऊन खाली बसते. फायबरच्या धुळीत काचेचे बारीक तुकडे असतात. ते अंगाला खाजतात, घशाला टोचतात. अंग चोळू नका, आधी थंड पाण्याने धुवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका आणि त्याच कपड्यांत मुलाला उचलून घेऊ नका.

धुळीला एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क, नाकावर नीट दाबलेला. थिनर, अल्कोहोल यांच्या वाफेला कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क. एकाचं काम दुसरा करत नाही. हातात नायट्राइल मोजे, डोळ्यांना चष्मा. हार्डनरवाला रंग स्प्रे करताना तर मास्कशिवाय गन हातात घ्यायचीच नाही, त्याने दमा जडू शकतो.

आग: प्लास्टिक कोरड्या कापडाने जोरात पुसलं की त्यावर स्थिर वीज जमते, आणि बाजूला थिनरचा उघडा डबा असेल तर ठिणगी पुरते. डब्याला झाकण, ओलसर कापड, शेडमध्ये विडी-काडी नाही, थिनरच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

गाळ: घासकामाचं पाणी गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतायचं नाही. एका ड्रममध्ये रात्रभर ठेवा. गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुढच्या घासकामाला वापरा. गाळ वाळवून पिशवीत बांधा आणि पिशवीवर तारीख घाला. रंगाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. अशा कचऱ्याची सामाईक केंद्रं महाराष्ट्रात आहेत, उदाहरणार्थ तळोजा आणि रांजणगावला. तुमच्या भागात काय व्यवस्था आहे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा. शेजाऱ्यांची पहिली तक्रार वासाची आणि पाण्याचीच येते, हे विसरू नका.

पायरी ६: दर असा काढा

आता मूळ मुद्दा. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा एक मडगार्ड आणि दोन साइड पॅनेल, एकूण ७ तासांचं घासकाम.

- मजुरी: ७ तास × १२० रुपये = ८४०
- वॉटर पेपर, स्पंज, चिकटपट्टी: २२०
- मास्क, मोजे यांचा वाटा: ९०
- साबण, द्रावण, गाळाची व्यवस्था: ७०
- भाडं, वीज, पाणी यांचा वाटा: १३०

बेरीज १,३५०. त्यावर जोखमीचे १० टक्के, म्हणजे १३५. झाले १,४८५. त्यावर नफा २० टक्के, म्हणजे २९७. एकूण १,७८२. सांगायचा दर १,८००.

इथे दोन गोष्टी बघा. एक, मजुरी तुम्ही स्वतः केली तरी ती धरायचीच. "माझे हात आहेत, त्याचे काय पैसे" हे वाक्य धंदा बुडवतं. दोन, मास्क आणि गाळ हे दराच्या आत आहेत, उरलेल्या पैशांतून नाहीत. जे दरात धरलं नाही ते प्रत्यक्षात कधीच होत नाही.

गिऱ्हाईक म्हणेल, "एवढे? पलीकडचा सहाशेत करतो." भांडू नका, पलीकडच्याला नावंही ठेवू नका. पॅनेल उलटं करून मागची अक्षरं दाखवा. म्हणा, "साहेब, हे एबीएस आहे. याच्यावर औषध चालत नाही, हाताने घासावं लागतं. मी आधी मागच्या बाजूला चाचणी घेऊन दाखवतो, मग तुम्ही ठरवा." दहातले काही जण निघून जातील. जाऊ द्या. जे थांबतील त्यांचं काम तुम्हाला घाईशिवाय करता येईल.

आणि जॉब कार्ड लिहा. त्यात पार्ट कशाचा, आधीचे दोष कोणते, रंग पूर्ण काढायचा की खराब जागेपुरता, किती दिवस, किती आगाऊ रक्कम, आणि पार्ट बाजारात मिळतो की नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जो पार्ट मिळत नाही तिथे जोखीम १० टक्के नाही, जास्त धरा, किंवा सरळ म्हणा की हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. नकार देणं हीसुद्धा उद्योजकाची कमाई असते.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

तो सकाळी गेला. पॅनेल पिशवीत घालून घेऊन गेला. गृहस्थांनी ते हातात घेतलं, मऊ पडलेल्या कानावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू सांगायला आलास, ते बरं केलंस." नंतर मुलाने तीन रविवार भंगारबाजार पालथे घातले, एक जुनं पॅनेल मिळवलं, स्वतःच्या पैशाने घेतलं, पंधरा तास हाताने घासलं. गाडी पूर्ण करून दिली. मजुरीचा एक रुपया घेतला नाही. ते गृहस्थ गाडी घेऊन गेले, पुन्हा काही काम घेऊन आले नाहीत. येतील असंही नाही. विश्वास एकदा वाकला की रंग मारून सरळ होत नाही.

पण शेडमध्ये त्याने ते बिघडलेलं पॅनेल खिळ्याला टांगून ठेवलंय. नवीन गिऱ्हाईक दर विचारतं तेव्हा तो आधी ते दाखवतो, मग दर सांगतो. आता दर कमी करायचा आग्रह फार कोणी करत नाही.

तुमचा गृहपाठ

१. भंगारवाल्याकडून तीन तुटके पार्ट आणा: एक खरं फायबर, एक एबीएस, एक पीपी. किलोच्या भावात मिळतात.

२. मागची अक्षरं, पाण्यातली कपची आणि ॲसिटोनचा ठिपका, तिन्ही परीक्षा करून निकाल वहीत लिहा.

३. प्रत्येकावर वहीच्या पानाएवढी जागा ओली घासा. घड्याळ लावा. किती मिनिटं लागली, किती पेपर लागले, ते लिहा.

४. त्या मिनिटांवरून तुमचा स्वतःचा दर काढा.

गिऱ्हाइकाचा पार्ट त्यानंतरच हातात घ्या. शिकायची फी भंगाराच्या तुकड्यावर भरा, कुणाच्या भावाच्या गाडीवर नको.

पुढच्या आठवड्यात बघू: पीपीवर रंग का टिकत नाही आणि तो टिकवायचा कसा. तोपर्यंत मास्क लावा, दर नीट सांगा. भेटूया!